तेलविहिरीवरून घरी आलेल्या माणसाकडे सात दिवस

पहिला दिवस, मंगळवार

डॅलसहून निघालेले विमान मिडलंडजवळ उतरू लागले, तेव्हा खाली दिसणारी जमीन मला आखून ठेवलेल्या, पण कोणी राहायला न आलेल्या वसाहतीसारखी वाटली. करड्या झुडपांच्या सपाट माळावर पांढुरक्या रस्त्यांच्या रेघा होत्या, प्रत्येक रेघेच्या टोकाला एक पांढुरका चौकोन होता, आणि घर मात्र एकाही चौकोनावर नव्हते. विमानतळावर घ्यायला आलेल्या भाच्याने सांगितले, की ते चौकोन तेलविहिरींसाठी तयार केलेले ओटे असून त्यांचा रंग ‘कलीची’ नावाच्या इथल्या चुनखडी मुरुमाचा आहे. पश्चिम टेक्सस आणि न्यू मेक्सिकोच्या आग्नेय कोपऱ्यात पसरलेले हे पर्मियन खोरे सुमारे ४०० किलोमीटर रुंद आणि ४८० किलोमीटर लांब आहे, आणि अमेरिकेत सर्वाधिक तेल याच खोऱ्यातून निघते.

भाचा इथे रिगवरच्या, म्हणजे तेलविहीर खोदणाऱ्या यंत्रमनोऱ्यावरच्या, मड पंपांच्या दुरुस्तीचे काम पाहतो. ‘मामा, एकदा यंत्रे पाहायला या,’ असा त्याचा चार वर्षांचा आग्रह होता. मी टूलरूममध्ये फिटर म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे यंत्रांचे आकर्षण मला नाही असे नाही. पण माझ्या शेजारच्या लेथवर वीस वर्षे काम करणारा माणूस घरी उत्तम पेटी वाजवतो, हे मला त्याच्या निरोपसमारंभात कळले होते, आणि ती गोष्ट मनातून जात नव्हती. म्हणून मी भाच्याला कळवले होते, की रिग लांबून दाखवलीस तरी चालेल, पण रिगवर राबणारा एखादा माणूस त्याच्या घरी भेटव. त्याने आपल्या ओळखीतल्या एका डेरिकहँडला, म्हणजे रिगच्या मनोऱ्यावर (डेरिकवर) उंच उभे राहून पाइप हाताळणाऱ्या कामगाराला, विचारले, आणि त्यांनी लगेच होकार दिला. त्यांचे नाव मी इथे देत नाही. त्यांना डेरिकहँड असेच म्हणतो, कारण त्यांच्या गावात अर्धे लोक त्यांना त्यांच्या कामानेच ओळखतात.

दुसरा दिवस, बुधवार

सकाळी महामार्गालगतचे पर्मियन बेसिन पेट्रोलियम म्युझियम पाहिले. ते १९७५ साली सुरू झाले असून त्याच्या मागच्या अंगणात जुन्या रिग आणि तेल उपसणारे पंपजॅक उन्हात मांडून ठेवले आहेत. या खोऱ्याची मोठी भरभराट जिच्यापासून सुरू झाली ती सांता रीटा क्रमांक १ ही विहीर टेक्सस विद्यापीठाच्या मालकीच्या माळरानावर होती आणि २८ मे १९२३ रोजी तिला तेल लागले. अशक्य कामांची कैवारी मानल्या जाणाऱ्या संतिणीचे नाव तिला दिले होते, आणि खोदकामापूर्वी डेरिकच्या माथ्यावरून गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या उधळल्या होत्या. आमच्या कारखान्यात दसऱ्याला यंत्रांना झेंडू वाहायचे ते मला आठवले.

याच संग्रहालयात एक दालन चॅपॅरल या शर्यतीच्या गाड्यांचे आहे. तेलव्यवसायातल्या कुटुंबात वाढलेल्या जिम हॉल यांनी १९६० च्या दशकापासून मिडलंडमध्येच त्या बांधल्या. मागे उंच खांबांवर पंख बसवून वाऱ्याच्या दाबाने गाडी रस्त्याला चिकटवून धरायची आणि १९७० च्या गाडीत तर पंख्यांनी गाडीखालची हवाच ओढून घ्यायची, ही कल्पकता पाहून मी त्या काचेपुढे बराच वेळ उभा राहिलो. तेलाच्या पैशावर जोपासलेला छंद असा संग्रहालयात आला आहे. तेल काढणाऱ्या हातांचा छंद पाहायला मात्र आम्हाला दुपारी मिडलंडच्या दक्षिणेला कापसाच्या शेतांमधून तासभर जावे लागले.

डेरिकहँड सेहेचाळीस वर्षांचे आहेत, उंचीने बेताचे, खांद्यांनी रुंद, आणि वयाने मोठ्या माणसाच्या प्रत्येक प्रश्नाला ‘येस, सर’ म्हणून उत्तर देणारे. त्यांच्या घराभोवतीचे कुंपण पाहूनच मी थांबलो. खांब जुन्या ड्रिल पाइपचे होते आणि आडव्या कांबी सकर रॉडच्या होत्या. पंपजॅकचे डोके वरखाली होते तेव्हा जमिनीखाली हजारो फूट खोल असलेल्या पंपाचा दट्ट्या ज्या पोलादी दांड्यांच्या साखळीने ओढला जातो, ते हे सकर रॉड. प्रत्येक दांडा पंचवीस फूट लांब असतो आणि थकून बदलला की कुंपणाला येतो. उत्पादनाच्या नळ्या मात्र ते घरी आणत नाहीत, कारण तेलाबरोबर येणाऱ्या खाऱ्या पाण्यातून त्यांच्या आत जो थर साचतो त्यात कधीकधी नैसर्गिक किरणोत्सारी द्रव्य असते. भंगाराच्या ढिगातून काय घ्यायचे आणि काय नाही हे ज्ञान इथे छंदाचाच भाग आहे.

छपरीखाली त्यांचे चालू काम होते: चोवीस इंच व्यासाच्या नव्या पाइपच्या तुकड्यापासून बनवलेली मांस धुरावण्याची भट्टी. बाजूला विस्तवाची पेटी, मध्ये आडवे पोट, दुसऱ्या टोकाला धुराडे. वेल्डिंगची शिवण इतकी एकसारखी होती की मी बोट फिरवून पाहिली. आतला पहिला थर ६०१० क्रमांकाच्या वेल्डिंग रॉडने आणि वरचा ७०१८ ने भरला होता. दोष होता तो दारात. पाइपच्या कडेचा तुकडा कापून तेच दार म्हणून बसवायचे असते, पण पाइप वळवताना धातूत अडकून राहिलेला ताण कापताक्षणी सुटतो, आणि दाराची गोलाई पोटाच्या गोलाईशी जुळेनाशी होते. म्हणून जाणकार माणूस कापणे पूर्ण होण्याआधीच बिजागऱ्या जोडून घेतो. डेरिकहँडनाही हे माहीत होते. घाई नडली, असे त्यांनी मान्य केले. वरचा डावा कोपरा पाव इंच उचलला गेला होता. आम्ही दोघांनी तो क्लॅम्पने आवळला, टॉर्चने तापवला, निवू दिला आणि पुन्हा मोजला. संध्याकाळपर्यंत पाव इंचाचे तीन षोडशांश इंच झाले. त्यांनी पांढऱ्या खडूने तो आकडा आणि तारीख पत्र्यावरच लिहून ठेवली. तेव्हा माझ्या लक्षात आले, की छपरीतल्या बहुतेक वस्तूंवर असे खडूचे आकडे आणि तारखा आहेत.

तिसरा दिवस, गुरुवार

पहाटे साडेपाचला निघालो. टेक्ससमध्ये १ सप्टेंबरला होल्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, आणि सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून बंदूक चालवता येते. परवाना लागतो, दिवसाला पंधरा पक्ष्यांची मर्यादा असते, आणि बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसे बसू नयेत अशी खुंटी घालावी लागते. शिकार मला आवडत नाही आणि ते मी आधीच सांगितले होते. डेरिकहँड म्हणाले, ‘मग तुम्ही पाण्याकडे बघत बसा, सर. मीही बराच वेळ तेच करतो.’

जनावरांच्या पाण्याच्या टाकीजवळ, रानसूर्यफुलांच्या आडोशाला आम्ही बसलो. उजाडायला सात वाजून गेले. माणूस कामाबद्दल बोलतो तो समोरासमोर बसवून प्रश्न विचारल्यावर नव्हे, तर दोघेही तिसऱ्याच गोष्टीकडे पाहत असताना, हा माझा कारखान्यातला अनुभव इथेही खरा ठरला. डेरिकहँडची जागा डेरिकवर सुमारे नव्वद फूट उंचीवरच्या मंकीबोर्ड नावाच्या फळीवर असते. विहिरीतला ड्रिल पाइप बाहेर काढताना तीन तीन नळ्यांचा एकेक उभा जोड वर येतो, आणि त्याचे वरचे टोक मोकळे करून ते फणीसारख्या खाचांत ओळीने लावायचे असते. एक नळी सुमारे तीस फुटांची असते, तिचे वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास भरते, आणि विहीर खोल असेल तर हा क्रम तासन्‌तास चालतो. पाइप हलवायचा नसेल तेव्हा डेरिकहँड खाली उतरून मड पंप आणि खोदकामाचा चिखल सांभाळतो. त्याच्या वर ड्रिलर, ड्रिलरच्या वर टूलपुशर, आणि सर्वांत खाली नुकताच आलेला पोरगा, ज्याला इथे ‘वर्म’ म्हणजे किडा म्हणतात. बारा तासांच्या पाळीला कागदावर ‘टूर’ लिहितात आणि तोंडाने ‘टॉवर’ म्हणतात. असे का, हे त्यांनी वडिलांना विचारले होते आणि वडिलांनी त्यांच्या वडिलांना.

कॉलरला लावलेल्या एका छोट्या यंत्राचाही विषय निघाला. हायड्रोजन सल्फाइड वायूचे प्रमाण दहा लाखांत दहा भाग झाले की ते किंचाळते. हा वायू थोडा असला तर कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, आणि जास्त झाला की आधी वास घेण्याची शक्तीच मारतो. म्हणून रिगवरचा माणूस नाकापेक्षा वारा दाखवणाऱ्या कापडी पिशवीवर जास्त विसंबतो. बोलता बोलता त्यांनी वर न पाहताच सांगितले, की वारा आग्नेयेकडे वळला आहे आणि आता पक्षी टाकीच्या पलीकडून येतील. ते तिकडूनच आले. सात होले घेऊन आम्ही नऊ वाजता परतलो. पंधराची मर्यादा गाठण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. संध्याकाळी मिरची आणि बेकन गुंडाळून ते भाजले गेले. मी एक खाल्ला, आणि घरी सांगू नकोस असे भाच्याला बजावले.

चौथा दिवस, शुक्रवार

या भागात शुक्रवारची संध्याकाळ शाळेच्या फुटबॉलची असते, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याच्या अमेरिकन फुटबॉलची. मिडलंडशेजारच्या ओडेसा शहरातल्या पर्मियन हायस्कूलने राज्याचे विजेतेपद सहा वेळा मिळवले आहे आणि तिथल्या मैदानावर हजारोंची गर्दी जमते. डेरिकहँडच्या गावची शाळा मात्र इतकी लहान, की अकरा मुलांचा संघ उभा करणे शक्य नाही. अशा शाळांसाठी १९३४ साली नेब्रास्कामध्ये सहा जणांचा खेळ तयार झाला. मैदान शंभराऐवजी ऐंशी यार्डांचे असते, चार प्रयत्नांत दहाऐवजी पंधरा यार्ड पुढे जावे लागते, आणि चेंडू कोणालाही झेलता येतो. त्यामुळे खेळ सारखा पळत राहतो, आणि मध्यंतरानंतर एखादा संघ पंचेचाळीस गुणांनी पुढे गेला की तिथेच सामना थांबवतात.

डेरिकहँडचा मुलगा दोन वर्षांपूर्वी या संघात होता. त्याच्या शेवटच्या हंगामात घरचे सामने वडिलांच्या पाळ्यांत गेले, आणि बहुतेक सामने त्यांनी रिगच्या ओट्याजवळ उभे राहून फोनवर ऐकले. त्यांच्या पत्नींनी स्वयंपाकघरात लावलेले दिनदर्शिकेचे पान मी आधीच पाहिले होते: चौदा चौकोन निळे, चौदा चौकोन कोरे, असे थेट डिसेंबरपर्यंत. रिगवरच्या चौदा दिवसांच्या निळ्या खेपेला ‘हिच’ म्हणतात. नाताळ यंदा निळ्यात आला आहे. सामना पाहता पाहता त्या मला म्हणाल्या, की लग्नानंतर त्यांच्या नवऱ्याने गिटार शिकून पाहिली, बोलिंगच्या, म्हणजे चेंडू घरंगळवून पिना पाडण्याच्या खेळाच्या, एका संघात नाव घातले, भाजीपाल्याचे वाफेही केले. वाफे पहिल्याच हिचमध्ये करपले, संघाला दर आठवड्याला येणारा माणूस हवा होता, आणि गिटारीचे मास्तर प्रत्येक वेळी पहिल्या धड्यापासून सुरू करीत. उरले ते लोखंड, मासेमारी, शिकार आणि ट्रक. त्यांच्याकडे दोन आठवडे पाहिले नाही तरी ती वाट पाहतात.

मला हे ऐकून थोडा रागच आला, कोणाचा ते सांगता येणार नाही. मी तीन पाळ्यांत काम केले आहे, पण रात्रपाळी संपवून निदान स्वतःच्या पलंगावर झोपत होतो.

घरात एकच गोष्ट अशी आहे जी थांबत नाही, आणि म्हणून ती मुलीकडे आहे. चौदा वर्षांच्या या मुलीने जानेवारीत ओडेसाला भरणाऱ्या पशुप्रदर्शनासाठी बोअर जातीचा बोकड पाळला आहे. त्याला रोज मोजून खाद्य द्यावे लागते, रोज चालवावे लागते, आणि आठवड्याला वजन लिहावे लागते. वडिलांनी त्याच्यासाठी वजनाचा पिंजरा वेल्ड करून दिला आहे. बोकडाला हात लावण्याची परवानगी त्यांना नाही, कारण मुलीच्या म्हणण्याप्रमाणे ते त्याला लाडावून ठेवतात आणि मग निघून जातात.

पाचवा दिवस, शनिवार

सगळे मिळून नैर्ऋत्येला बाल्मोरियाच्या कुंडावर गेलो. सॅन सॉलोमन झऱ्यांभोवती हे कुंड १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देणाऱ्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरच्या मजुरांनी बांधले. पाणी बारमाही बावीस ते चोवीस अंशांचे आणि इतके नितळ, की पंचवीस फूट खोलीवरचे दगड मोजता येतात. दुर्मीळ झालेला कोमँची स्प्रिंग्ज पपफिश हा बोटभर मासा इथे माणसांच्या पायांत फिरतो. ज्या झऱ्यांचे नाव त्याला आहे ते फोर्ट स्टॉकटनचे झरे शेतीच्या पंपांनी विसाव्या शतकाच्या मध्यास आटवले. डेरिकहँड पाण्यात उतरले आणि पाठीवर तरंगत निश्चल पडून राहिले. पाऊण तास.

काठावर जेवताना २०२० चा विषय निघाला. त्या वर्षी २० एप्रिलला अमेरिकन तेलाचा वायदेबाजारातला भाव शून्याखाली, पिंपाला उणे ३७.६३ डॉलरवर गेला. मार्चमध्ये देशात जवळजवळ ८०० रिग चालू होत्या, त्या ऑगस्टच्या मध्यास २४४ राहिल्या. डेरिकहँडची रिग खाली उतरवून यार्डात ओळीने उभी केली गेली आणि त्यांनाही घरी बसवले गेले. आठ महिने त्यांनी आसपासच्या पशुपालकांची फाटके आणि कुंपणे वेल्ड करून घर चालवले. तेवढ्या काळात स्वतःसाठी त्यांनी एकही वस्तू केली नाही. वेल्डिंग यंत्र छपरीत होते, वेळ होता, लोखंड होते. पण संध्याकाळी हेल्मेट काढले की पुन्हा घालावेसे वाटत नसे, असे ते म्हणाले. पुन्हा रिगवर रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीत त्यांनी जी वस्तू केली ती त्यांच्या पत्नींनी मला गाडीच्या चावीला अडकवलेली दाखवली: नटबोल्टचा अंगठ्याएवढा पंपजॅक, ज्याचे डोके खरोखर वरखाली होते.

परतताना रात्र झाली. मागे राहिलेल्या डेव्हिस डोंगरांत मॅक्डॉनल्ड वेधशाळा आहे, आणि तिच्यासाठी आकाश काळे राहावे म्हणून या भागातल्या अनेक रिगवरचे दिवे आता झाकणे लावून खाली वळवले आहेत. ईशान्येला मात्र जाळल्या जाणाऱ्या वायूच्या ज्योती क्षितिजभर दिसत होत्या. डेरिकहँडनी त्यांतल्या तीन ओळखल्या.

सहावा दिवस, रविवार

सकाळी चर्च, दुपारी एक सर, आणि कलीचीच्या रस्त्यावर घोट्यापर्यंत चिखल. भट्टीच्या दाराशी आणखी तीन तास झटलो आणि एक अष्टमांश इंचापर्यंत आलो. मी कानशीने कड मारून देतो म्हणालो. त्यांनी नम्रपणे नकार दिला. कड मारल्याने फट झाकली जाईल, गोलाई जुळणार नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते, आणि इतक्या वर्षांच्या फिटरने ते सुचवावे याची मला लाज वाटली. संध्याकाळी त्यांनी आगरोधक कपड्यांचे पाच जोड, दोन हातमोजे आणि मुलीने लिहिलेले बोकडाच्या वजनाचे तक्ते बॅगेत भरले. आठ वाजता ते झोपले.

सातवा दिवस, सोमवार

पाळी सकाळी सहाला बदलते, म्हणून ते पहाटे अडीचला दोन सहकाऱ्यांबरोबर एकाच ट्रकने निघाले. भाच्याला त्याच बाजूला काम असल्याने आम्ही उजाडल्यावर मागोमाग गेलो. पेकोसहून उत्तरेला जाणाऱ्या २८५ क्रमांकाच्या रस्त्यावर वाळूचे आणि खाऱ्या पाण्याचे ट्रक एकमेकांना चिकटून धावत होते, आणि कडेला अपघातात गेलेल्यांसाठी लावलेले लाकडी क्रूस होते. मी मोजायला सुरुवात केली आणि भाच्याने ‘नका मोजू, मामा’ म्हटल्यावर थांबलो. पुढे लव्हिंग काउंटी लागली. २०२० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ६४ भरली, पण मेंटोन या तिच्या एकमेव गावाभोवती डब्यांसारख्या खोल्यांच्या कामगार छावण्यांच्या रांगाच रांगा आहेत. त्यांतले कोणी तिथले रहिवासी नाहीत. सगळे चौदा दिवसांचे.

रिग आम्ही अर्ध्या मैलावरून पाहिली. मंकीबोर्डवर एक ठिपका हलत होता. तो आपलाच माणूस असे भाचा म्हणाला, पण त्याला खात्री नव्हती.

संध्याकाळी दुर्बीण परत करायला आम्ही पुन्हा त्यांच्या घरी थांबलो. मुलगी कुंपणाच्या आतून बोकडाला चालवत होती. छपरीत भट्टीच्या दारावर तीन क्लॅम्प आवळलेले तसेच होते, आणि त्यांच्या शेजारी पत्र्यावर खडूने नवी ओळ लिहिलेली होती: वरचा डावा कोपरा, एक अष्टमांश, २२ सप्टेंबर.